बोलून माणूस बदलतो का?

"कितीही समजावा, माणसं बदलत नाहीत" असं हल्ली वारंवार ऐकू येतं. उलट "बोलत राहा, सगळं सुटेल" असं म्हणणारेही भेटतात. मला दोघांचंही म्हणणं अर्धंच पटतं.

महाडचं उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे चर्चा झाली, मतंही पडली. पण पाणी मिळालं का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले तेव्हा कुठे ओंजळ भरली. त्यानंतर लोकांना मारहाण झाली आणि तळ्याचं 'शुद्धीकरण'ही!

मग बोलणं वायाच का? तसंही नाही. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं, पण त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव बोलत हिंडले होते. त्या दौऱ्यात किती तरी गावांनी विहिरी आणि देवळं खुली केली.

सत्तरच्या दशकात मी ज्या खेड्यात शिकवत होते, तिथल्या शाळेतल्या माठाला काही मुलांनी शिवायचं नाही असा रिवाज होता. त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं. पंधरा ऑगस्टला समतेवर भाषणं व्हायची, टाळ्या पडायच्या; मधल्या सुट्टीत पुन्हा तेच. अखेर मुख्याध्यापकांनी माठ भरायची पाळी हजेरीपटाप्रमाणे लावली. दुसऱ्याच दिवशी चार पालक भांडायला हजर! मग आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून बोललो, किती तरी संध्याकाळी. तिघे हळूहळू निवळले. चौथ्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, पण त्याच्या मुलाने त्याच माठातलं पाणी पिऊन शाळा पूर्ण केली.

पूर्वग्रह सवयीवर जगतो, म्हणून नुसत्या मुद्द्यांनी तो हटत नाही. आधी पाळी बदलावी लागते. पण पाळी बदलून गप्प बसलं तर लोक तळं शुद्ध करायला धावतात. तिथे ओसरीवरचं बोलणं लागतं, चिकाटीचं, समोरच्याचा पाणउतारा न करता केलेलं. आणि त्या बोलण्याने बाप बदलला नाही, तरी दाराआड उभं राहून पोर ऐकत असतं, हे विसरू नये.