एका रस्त्यावरचं सिंगापूर

मर्लायनपाशी फोटो, सेंटोसा आणि मुस्तफात खरेदी: आपल्या सिंगापूर सहलीचा हा ठरलेला शिरस्ता. सुट्टीचे बेत आखले जात असताना या अंकात आम्ही तो जरा मोडला आहे. साउथ ब्रिज रोडवर जामे मशीद, १८२७ मध्ये स्थापन झालेलं मारिअम्मन मंदिर आणि बुद्धदंत मंदिर अशी तिन्ही ठिकाणं पायी काही मिनिटांत होतात. पुढे हॉकर सेंटर. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची. मग कुणाच्या ताटात नासी लमाक, कुणाच्या डोसा. या खाद्यसंस्कृतीची २०२० मध्ये युनेस्कोने दखल घेतली. शेजार असा रोजच्या व्यवहारात कसा मुरतो, हे आमच्या लेखकांनी न्याहाळलं आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल, तर तोही जरूर कळवा.