चेहरा ताणायचा की उचलायचा?

अमेरिकी फॅशन डिझायनर मार्क जेकब्स यांनी जुलै २०२१मध्ये पट्ट्यांनी गुंडाळलेल्या आपल्या चेहऱ्याचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध केले आणि न्यूयॉर्कमधील कोणत्या शल्यविशारदाकडून आपण 'डीप प्लेन फेसलिफ्ट' करून घेतले, हेही जाहीर करून टाकले. तोवर अशी शस्त्रक्रिया ही लपवण्याची बाब होती. नामवंत मंडळी 'भरपूर पाणी आणि पुरेशी झोप' याच उत्तरावर वेळ मारून नेत. चार वर्षांनी, २०२५मध्ये, दूरचित्रवाणीवरील तारका क्रिस जेनर यांनीही वयाच्या ६९व्या वर्षी फेसलिफ्ट केल्याची कबुली दिली. त्यांच्या चेहऱ्याची जगभर चर्चा झाली, ती तो ताणलेला दिसत नव्हता म्हणून. त्यानंतर मुंबई-पुण्यातील सौंदर्य चिकित्सालयांच्या जाहिरातींतूनही 'डीप प्लेन', 'मिनी लिफ्ट', 'थ्रेड लिफ्ट' अशी नावे ठळक अक्षरांत दिसू लागली आणि शस्त्रक्रियेचे नाव आधीच ठरवून डॉक्टरांकडे जाण्याची प्रथा रुजू लागली. प्रश्न असा, की 'नैसर्गिक' दिसणे हे खरोखरच या नावांवर अवलंबून असते काय?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी अनैसर्गिक चेहरा कसा घडतो, ते समजून घ्यावे लागेल. बर्लिनचे शल्यविशारद ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ साली एका पोलिश उमराव स्त्रीच्या आग्रहावरून तिच्या केसांच्या रेषेलगतची व कानांजवळची त्वचा लंबगोलाकार कापून काढली आणि कडा शिवून टाकल्या, अशी नोंद त्यांनीच पुढे केली. फेसलिफ्टचा इतिहास साधारणपणे येथून मोजला जातो. त्यानंतर जवळपास पाऊण शतक या शस्त्रक्रियेचे सूत्र बदलले नाही. त्वचा सोडवायची, मागे ओढायची, उरलेली कापायची आणि शिवायची.

हे सूत्र मुळातच सदोष होते. वयानुसार केवळ त्वचा सैल पडत नाही. तिच्याखालची चरबी, स्नायूंवरील आवरण आणि त्यांना हाडाशी बांधून ठेवणारे बंध हे सारेच खाली सरकते वा विरते. गादी मधोमध बसली असेल, तर वरची चादर कितीही ताणून खोचली तरी खड्डा भरून येत नाही. शिवाय त्वचा लवचिक असते. तिच्यावर भार टाकला, की ती काही महिन्यांत पुन्हा ताणली जाते आणि तो भार टाक्यांवर येऊन व्रण रुंदावतात. कानाची पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते. तोंडाच्या कोपऱ्यापासून कानाकडे जाणाऱ्या आडव्या रेषा उमटतात आणि चेहरा वाऱ्याच्या झोतासमोर धरल्यासारखा भासतो. समारंभात एखाद्या व्यक्तीकडे पाहताच 'काहीतरी केलेले आहे' असे जे मनात येते, त्याचे कारण बहुधा हेच असते. ओढ आडवी असते आणि भार त्वचेवर असतो.

बदल घडला तो सत्तरच्या दशकात. स्वीडनचे टोर्ड स्कूग यांनी १९७४मध्ये त्वचा आणि तिच्याखालील आवरण एकत्र उचलण्याची पद्धत मांडली. १९७६मध्ये फ्रान्समधील व्लादिमीर मिट्झ आणि मार्टिन पेरोनी यांनी या आवरणाचे शरीररचनाशास्त्रीय वर्णन केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'स्मास' म्हणतात. चेहऱ्याच्या हावभावांचे स्नायू ज्या तंतुमय थराशी जोडलेले असतात, तो हा थर. भार त्वचेवर न टाकता या थरावर टाकावा आणि त्वचा केवळ अलगद पांघरावी, हा आधुनिक फेसलिफ्टचा पाया आहे. आज बाजारात असलेली शस्त्रक्रियांची बहुतेक नावे ही या एकाच थराशी करावयाच्या वेगवेगळ्या व्यवहारांची आहेत. त्याला दुमडून टाके घालता येतात. त्याची पट्टी कापून कडा जुळवता येतात. तो दूरवर सोडवून वर नेता येतो. बेल्जियमच्या पॅट्रिक टोनार्ड व अलेक्सिस व्हेरपेले यांनी २००२च्या सुमारास मांडलेल्या 'मॅक्स' पद्धतीत लहान छेदातून, दोऱ्याच्या वेढ्यांनी तो थर कानशिलाकडे टांगला जातो.

'डीप प्लेन'चे जनकत्व जाते ते टेक्सासमधील सॅम हामरा यांच्याकडे. त्यांनी १९९०मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत त्वचा आणि स्मास यांना वेगळे न करता त्या थराच्या खालून वाट काढली जाते, गालाला जखडून ठेवणारे बंध सोडवले जातात आणि सारा पदर एकसंध वर नेला जातो. त्वचा तिच्या रक्तपुरवठ्यासह उचलली जात असल्याने तिच्यावर ताण कमी पडतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या घडीवरही अधिक परिणाम साधता येतो. तर्क बिनतोड आहे. तथापि ही वाट चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखांना लगटून जाते. तिथे सवयीचा हात हवा.

येथवरची कहाणी जाहिरातीही सांगतात. त्या सांगत नाहीत तो भाग पुढचा आहे. १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या काही शल्यविशारदांनी २१ रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला साधी स्मास पद्धत आणि दुसऱ्या बाजूला अधिक खोलवरची पद्धत वापरली. वर्षभरानंतर दोन्ही बाजूंत नजरेत भरणारा फरक आढळला नाही. २००९मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास अधिकच उद्बोधक आहे. एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या, चार नामांकित शल्यविशारद आणि चार निरनिराळ्या पद्धती. त्या चौघांत स्वतः हामराही होते. दहा वर्षांनंतर छायाचित्रे शेजारी ठेवली असता कोणतीही एक पद्धत निर्विवाद विजेती ठरली नाही. हामरा यांचा प्रामाणिकपणा तर दाद देण्याजोगा. गालावरील चरबीचा उंचवटा जागेवर नेण्याचा लाभ अल्पकाळ टिकतो आणि दीर्घकाळात हा प्रयत्न अपयशी ठरतो, असे त्यांनी २००२मध्ये आपल्याच रुग्णांच्या आधारे लिहिले. आडव्या ओढीमुळे कालांतराने उमटणाऱ्या विद्रूपतेवर नेमके बोट ठेवणारेही तेच.

या अभ्यासांना मर्यादा आहेत, हे मान्य करायला हवे. रुग्णसंख्या तुटपुंजी आहे, आणि आज केली जाणारी डीप प्लेन शस्त्रक्रिया नव्वदच्या दशकातल्यापेक्षा बंध अधिक विस्ताराने सोडवते, हा तिच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेपही रास्त आहे. तरीही एवढे निश्चित, की नावाच्या जोरावर 'नैसर्गिक' निकालाची हमी देण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही. चारही पद्धती वाकबगार हातांत उत्तम ठरल्या, याचा सरळ अर्थ असा, की हात महत्त्वाचा.

हाताबरोबरच महत्त्वाची आहे ती चेहऱ्याची पारख. भरलेला, जड गालांचा, जबड्याची कड हरवलेला चेहरा आणि हाडकुळा, खोल गेलेला चेहरा यांना एकच उपाय लागू पडत नाही. पहिल्याला बंध सोडवून सारा पदर वर नेण्याचा लाभ मिळू शकतो. दुसऱ्याला मात्र नुसते उचलून भागत नाही. तेथे उणीव आकारमानाची असते. चेहऱ्यावरील चरबी ही एकसंध चादर नसून स्वतंत्र कप्प्यांत विभागलेली असते आणि हे कप्पे वेगवेगळ्या गतीने रिते होतात, असे अमेरिकेतील रॉड रोरिक व जोएल पेसा यांनी २००७मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून पोटावरची वा मांडीवरची चरबी काढून थोड्या प्रमाणात गालात भरण्याचा उपचार फेसलिफ्टच्या जोडीला अधिक प्रमाणात येऊ लागला. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे या गटात भर पडत आहे. 'मौंजारो' मार्च २०२५मध्ये आणि 'वेगोवी' जून २०२५मध्ये भारतात दाखल झाले. झपाट्याने वजन घटले, की गाल ओघळतात आणि माणूस आहे त्याहून वयस्कर दिसतो. असा चेहरा नुसता ताणला तर कवटीची रेघ न् रेघ दिसू लागते.

उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास घडते. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी वर्षानुवर्षे फिलर भरत राहिल्यास चेहरा उचलला न जाता फुगतो; डोळे बारीक दिसतात आणि हसताना गाल विचित्र गोळा होतात. विरघळणाऱ्या दोऱ्यांनी केले जाणारे 'थ्रेड लिफ्ट' हे मर्यादित आणि अल्पजीवी असते. ते करू नये असे नाही, परंतु शस्त्रक्रियेचा पर्याय म्हणून ते विकले जाते, तेव्हा ग्राहकाची निराशा ठरलेली असते. मानेचीही तीच गत. गाल तिशीचे आणि मान साठीची, असा विसंवाद कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. तरीही मिनी लिफ्टमध्ये मानेकडे पुष्कळदा दुर्लक्षच होते.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत त्यांना फारशी जागा नसते. गव्हाळ व सावळ्या त्वचेवर बारीक सुरकुत्या उशिरा येतात, ही जमेची बाजू. मात्र व्रण काळवंडण्याची, उंचावण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते. त्यात आपल्याकडे अंबाडा घालण्याची, वेणी बांधण्याची, गजरा माळण्याची रीत. मोकळ्या केसांआड दडणारा कानामागचा व्रण अशा वेळी उघडा पडतो. कानाच्या पाळीला संवेदना देणारा मज्जातंतू हा या शस्त्रक्रियेत सर्वाधिक दुखावला जाणारा. तो बधिर झाल्यास कुडी घालताना टोचले तरी कळत नाही, आणि पाळी आधीच ओढली गेली असेल तर जड झुमक्यांनी ती आणखी लोंबते. पुरुषांच्या बाबतीत दाढीचे केस असलेली त्वचा कानापर्यंत सरकते आणि कल्ले जागचे हलतात; रक्त साकळण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळते. छेद कोठून घ्यायचा, हा प्रश्न पद्धतीच्या नावापेक्षा येथे अधिक निर्णायक ठरतो.

धोक्यांचा उल्लेख जाहिरातींत नसतोच. त्वचेखाली रक्त साकळणे ही सर्वांत सामान्य गुंतागुंत. चेहऱ्याच्या हालचालींच्या मज्जातंतूला कायमची इजा एक टक्क्याहून कमी रुग्णांत होते; पण ज्याचे हसू वाकडे होते त्याला टक्केवारीचा दिलासा कसला? सिगारेट, तंबाखू वा मिश्री, कोणत्याही रूपातील निकोटिन त्वचेचा रक्तपुरवठा आक्रसून ती मृत होण्याचा धोका वाढवते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी ते बंद करण्यास सांगितले जाते. भूल हाही खेळ नव्हे. अमेरिकी कादंबरीकार ऑलिव्हिया गोल्डस्मिथ यांचा जानेवारी २००४मध्ये मृत्यू झाला, तो हनुवटीखालील त्वचा घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलेतील गुंतागुंतीमुळे.

प्लास्टिक सर्जरीचे आणि या मातीचे नाते जुने आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापले गेलेले नाक कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडवल्याचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४मध्ये छापला आणि युरोपातील शल्यविशारद चकित झाले. देशातील प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. फरक इतकाच, की कावसजीला गमावलेले परत मिळवायचे होते. फेसलिफ्ट करवून घेणारा धडधाकट चेहरा पणाला लावतो. म्हणूनच सुरी कोणाच्या हाती आहे, याची चौकशी अगत्याची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये सौंदर्योपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून वा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान हे असे उपचार सुरू करण्यास पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट नमूद करावे लागले. अशी ओळ लिहिण्याची वेळ आयोगावर आली, यातच काय ते आले. एम.एस.नंतर तीन वर्षांचा एम.सीएच. अथवा तत्सम डीएनबी ही प्लास्टिक सर्जनची पात्रता. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी तिला पर्याय नाही.

आर्थिक बाजूही ग्राहकालाच सोसावी लागते. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा लागू होत नाही आणि वैद्यकीय सेवांना असलेली वस्तू व सेवा कराची सूटही मिळत नाही. १८ टक्के कर भरावा लागतो. पहिली शस्त्रक्रिया बिघडली तर दुरुस्तीचा खर्चही खिशातूनच जातो, आणि आधीच कापून टाकलेली त्वचा परत आणता येत नसल्याने दुसऱ्या शल्यविशारदाच्या हाती फारसे काही उरत नाही.

मग चिकित्सालयात विचारायचे काय? पद्धतीचे नाव शेवटी विचारले तरी चालेल. त्याआधी हेच डॉक्टर ही शस्त्रक्रिया किती वारंवार करतात, भार कोणत्या थरावर देणार, ओढ कोणत्या दिशेने राहणार, मानेचे काय करणार आणि भूलतज्ज्ञ व अतिदक्षतेची सोय त्याच ठिकाणी आहे काय, हे विचारावे. रुग्णांच्या संमतीने दाखवलेली छायाचित्रे पाहताना प्रकाशयोजना दोन्हीकडे सारखी आहे की नाही, ते पाहावे. 'आधी'चे छायाचित्र वरून पडणाऱ्या दिव्याखाली आणि 'नंतर'चे समोरच्या मऊ प्रकाशात, ही युक्ती जुनीच आहे. वर्षभरानंतरची, बाजूने घेतलेली, कान उघडे असलेली आणि मुख्य म्हणजे हसतानाची छायाचित्रे मागावीत, कारण स्थिर चेहऱ्यावर झाकलेला दोष हसताना उघडा पडतो.

लग्नसराईच्या तोंडावर होणाऱ्या विचारणांत मुलांच्या विवाहापूर्वी 'थोडे ताजेतवाने' दिसू इच्छिणारे आईवडीलही असतात. सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात. पण ऊती स्थिरावून चेहरा आपलासा दिसायला कित्येक महिने जातात आणि व्रण फिके पडायला त्याहूनही अधिक. मार्गशीर्षातल्या मुहूर्तासाठी दिवाळीत शस्त्रक्रिया करून मागणाऱ्याला होकार देणारे चिकित्सालय शहरात सहज सापडेल. त्या मुहूर्ताचा विचार करायचा, तर तो ज्येष्ठ-आषाढातच व्हायला हवा.