न दुखणारा चट्टा

दर्यापूरकडे कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांत बोंडाची टोकं रोजच घुसतात. एक दिवस रक्त येतं, पण दुखत नाही. तिला बरंच वाटतं – काम तर थांबलं नाही! महारोग असा येतो, मुकाट. फिकट नाहीतर लालसर चट्टा, ना खाज, ना ठणका. दुखणाऱ्या पोटासाठी माणूस दवाखान्यात जाईल. न दुखणाऱ्या डागासाठी मजुरी कोण बुडवणार? गोदीत माल उचलून आमचेही हात निबर झालेत. हा बधिरपणा कामाचा की जंतूचा, ते सांगायला तपासणारा माणूस लागतो.

जंतू नॉर्वेच्या हान्सेननं १८७३ साली दाखवला. मागच्या जन्मीचं पाप तिथंच मरायला हवं होतं. पण १८९८ साली इंग्रजांनी कायदा केला : भिकारी महारोगी दिसला की वॉरंटाशिवाय धरा. पैसेवाल्याच्या झडल्या बोटांना हा कायदा नव्हता! दिल्लीनं तो पुसला २०१६ साली.

आज औषध आहे. सहा महिने नाहीतर बारा महिने, फुकट. वेळेत घेतलं तर बोट वाकडं होत नाही. पण २००५ च्या डिसेंबरात सरकारनं दहा हजारांत एकाहून कमी रोगी असल्याचा आकडा गाठला आणि निर्मूलनाचा डंका पिटला. मग २०२२ या एकाच वर्षात भारतात लाखावर नवे रोगी कुठून आले? जगातले निम्म्याहून जास्त! हिशेब साधा आहे : औषध चालू असलेलाच मोजायचा. औषध संपलं की नाव कमी. सापडलाच नाही, तो तर कधी नव्हताच. आणि हा जंतू पाच-पाच, कधी वीस वर्षं अंगात दबा धरून बसतो.

शोधायला येते आशाताई, मोहिमेच्या थोड्या दिवसांत, तुटपुंज्या मोबदल्यावर. पाठीवरचा, मांडीवरचा चट्टा दारात उभं राहून दिसत नसतो. माणसं वावरात गेलेली. पोट भरायला पुण्या-मुंबईला आलेलं पोरगं तर तिथल्याही वहीत नाही, इथल्याही नाही.

अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. सलाम त्यांना. पण गावानं हाकललं म्हणूनच ती गावं वसवावी लागली ना? गावकुसाबाहेर आणखी एक गावकूस! आणि मित्रांनो, आपल्या वस्तीत काय चालतं? भिंतीवर बाबासाहेब, अन् चट्टेवाल्या म्हाताऱ्याची कपबशी वेगळी. त्या कपबशीवर आपण मोर्चा का नेत नाही?

येत्या मोहिमेत सुट्टी टाकून गावी जा. आपल्या कार्यकर्त्यांनी आधी स्वतःचा शर्ट काढून पाठ दाखवावी. आशाताई बायांना घरात तपासतील, तोवर दारातली गर्दी हटवा. आणि वहीत ‘घरी नाही’ लिहिलेली नावं त्यांच्याकडून मागून घ्या. ती माणसं दिवेलागणीला वावरातून परततात. तेव्हा ताईंना घेऊन पुन्हा त्या दारात जा.