एक्झाम दिली... कुणाला?

परवा रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे 'ताई, काय चाललंय?'पासून सुरू होऊन पीजीवाल्या काकूंच्या पातळ आमटीपर्यंत जातो. परवा मात्र पहिलंच वाक्य, 'ताई, मी आता इंग्लिश बोलणारच नाही.'

झालं होतं असं, की एका कंपनीत ग्रुप डिस्कशन होतं. आमच्या बाईसाहेब मूळच्या कराडच्या, दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंजिनीअरिंगला डिस्टिंक्शन. मुद्दा मांडता मांडता ती बोलून गेली, 'व्हेन आय गेव्ह माय फायनल एक्झाम...' समोरच्या खुर्चीतून हळूच आवाज आला, 'टू हूम?' दोघं-तिघं हसले. बस्स! पुढची दहा मिनिटं ती एक शब्दही बोलली नाही. पुढच्या राउंडच्या यादीत तिचं नाव नव्हतं, हे वेगळं सांगायला नकोच.

मला हसू आलं नाही. पोटात खड्डा पडला. कारण मास कॉमच्या पहिल्या वर्षी मी 'शी डिड अ मिस्टेक' असं लिहिलं होतं आणि त्याभोवतीचा लाल गोल अख्ख्या वर्गाने पाहिला होता. चूक 'करतात' ना? मग 'डू' का नाही? सरांनी कारण काही सांगितलं नाही. खरं सांगू? सांगण्यासारखं कारण नव्हतंच.

आता आपल्या रोजच्या 'टेक'कडेच बघा. टेक अ सीट, टेक अ ब्रेक, टेक अ लुक, टेक अ रिस्क. दिवसभर ऑफिसमध्ये हेच चालू असतं. पण यात हातात 'घेतलं' काय? काहीच नाही! 'टेक अ सीट' म्हटल्यावर कुणी खुर्ची उचलून घरी नेत नाही. सगळा अर्थ पुढच्या नामात. 'टेक' बिचारं नुसतं सोबतीला. ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९४२ मध्ये अशा क्रियापदांना 'लाइट व्हर्ब' म्हटलं. म्हणजे हलकं क्रियापद, स्वतःचं वजन नसलेलं.

मात्र कोण कुणाच्या सोबतीला जाणार, हे पक्कं ठरलेलं. ही लग्नं जुळवताना पत्रिका कुणी पाहिल्या होत्या, देव जाणे! अमेरिकन माणूस डिसिजन 'मेक' करतो, ब्रिटिश माणसाला 'टेक'ही चालतं. अमेरिकन 'टेक अ बाथ' म्हणतो, ब्रिटिश बहुतेक वेळा 'हॅव अ बाथ'. आणि शेअर बाजाराच्या गप्पांत एखादा 'टुक अ बाथ' असं ऐकलंत, तर त्याने अंघोळ केलेली नसते, त्याचे भरपूर पैसे बुडालेले असतात. 'टेक अ ब्रेक' म्हणजे जरा विसावा घे. 'टेक अ हाइक' म्हणजे चालता हो!

यात लॉजिक शोधणाऱ्याने आधी आपल्या 'मारणे'चं लॉजिक सांगावं. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, चक्कर मारतो, ऑफिसला दांडी मारतो. इतकंच काय, प्रेमाने मिठीसुद्धा 'मारतो'! चान्स 'घेणं' वेगळं आणि चान्स 'मारणं' वेगळं, हे तर कॉलेजात गेलेल्या कुणालाही सांगायला नको. उद्या मराठी शिकणारा एखादा जर्मन 'मी तिला मिठी दिली' म्हणाला, तर आपण त्याला 'वा, काय छान मराठी बोलतोस!' म्हणू. आपल्या मुलीच्या वाट्याला मात्र 'टू हूम?'

मग आपण नेमके फसतो कुठे? गंमत म्हणजे, जिथे दोन्ही भाषांचं छान जमतं तिथेच. टेक केअर, काळजी घेणे. टेक पार्ट, भाग घेणे. टेक ॲन ओथ, शपथ घेणे. 'टेक लीव्ह'चे तर दोन्ही अर्थ जुळतात. ऑफिसातून रजा घेणं आणि निघताना यजमानांची रजा घेणं! अशी दहा गणितं बरोबर सुटली, की अकरावं आपण डोळे झाकून सोडवतो. घेणे म्हणजे टेक, देणे म्हणजे गिव्ह, झालं!

आणि अकरावी निघते एक्झाम. इंग्रजीत विद्यार्थी एक्झाम 'टेक' करतो. ब्रिटनमध्ये 'सिट'सुद्धा म्हणतात, आपल्या 'परीक्षेला बसलो'सारखं. 'गिव्ह' करणार ते शिक्षक. आपल्याकडे बरोब्बर उलटं. आपण परीक्षा देतो आणि सर ती घेतात. हिंदीतही परीक्षा देतातच. त्यामुळे 'आय गेव्ह ॲन एक्झाम' हे वाक्य आपल्याकडे गल्लोगल्ली ऐकू येतं. आपण एकटेच नाही हं, अर्जेंटिना-चिलीच्या स्पॅनिशमध्येही परीक्षा 'देतात'. फ्रेंच माणूस तर परीक्षेला नुसता बसला तरी तो ती 'पासे' करतो. निकाल लागायचाय अजून!

थोडक्यात, माझ्या बहिणीने चूक केली ती मराठीतून विचार करून. डोकं नसल्यामुळे नाही. या दोन गोष्टींतला फरक त्या हसणाऱ्यांना कळला नाही, हे एक वेळ समजू शकते. तिला स्वतःलाही कळला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली प्रॅक्टिकल. नियम शोधत बसू नकोस, नियम नाहीच. नवं नाम भेटलं की वहीत त्याच्या क्रियापदासकट लिहून ठेव. नुसतं 'डिसिजन' नाही, 'मेक अ डिसिजन'. नुसतं 'मिस्टेक' नाही, 'मेक अ मिस्टेक'. अशा जोड्यांची खास डिक्शनरी मिळते. ऑक्सफर्डची २००२ मध्ये पहिल्यांदा आली. तिच्यात नाम शोधायचं, खाली त्याचे सगळे जोडीदार ओळीने उभे. 'टेक'खाली शोधत बसलात, तर संध्याकाळ होईल.

आणि हो, क्लायंट परदेशातला असेल तर 'वुई विल टेक अ कॉल ऑन धिस' जपून. आपल्या ऑफिसांमध्ये त्याचा अर्थ 'ठरवू' असा होतो, पण समोरचा फोन वाजायची वाट बघत बसायचा!

दुसरी गोष्ट सांगितली ती जरा रागावूनच. 'अगं, तुझी संधी त्या 'गेव्ह'मुळे गेली, असं मला नाही वाटत. नंतरच्या दहा मिनिटांमुळे गेली असेल. तुझा मुद्दा तर सगळ्यांना कळला होता ना?'

'कळला होता.'

'मग?'

ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, 'पण ताई, तो 'टू हूम' म्हणाला तेव्हा मी काय म्हणायचं?'

'टू द युनिव्हर्सिटी म्हणायचं, हसायचं आणि पुढचा मुद्दा मांडायचा.'

फोनवर पहिल्यांदाच ती खळखळून हसली. मला तेवढंच हवं होतं. हे उत्तर मलाही त्या लाल गोलाच्या दिवशी सुचलं नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात हात वर केला नव्हता, ही गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. आता तुम्हाला सांगितलीच आहे, तर वाचेलच ती.

गुरुवारी तिचा दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, 'जा बिनधास्त, आणि झाला की लगेच फोन कर.'

'हो ताई,' ती म्हणाली, 'येते देऊन.'