‘हेअर’ की ‘हेअर्स’?

गावाकडे न्हावीदादा दारी येत आणि सुगीला धान्याचे बलुते नेत. तेथे इंग्रजीचे काय काम? पण पोरगा नोकरीसाठी डोंबिवलीला गेला की काम पडतेच. आमच्या पुतण्याचे पाहा. एका कारखान्यात तो नवाच लागलेला. एके दिवशी उशीर झाला. साहेबांनी विचारले, तेव्हा म्हणाला, ‘आय वॉज कटिंग माय हेअर्स.’ साहेब हसले, ‘स्वतःच कापत होतास?’ पोराने दिवसभर तोंड उघडले नाही.

चूक साधी, आणि ती मराठीतूनच आलेली. आपण ‘केस वाढले’ असे अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत डोक्यावरचे सारे केस मिळून एकवचनी: ‘माय हेअर इज लाँग.’ मोजायचे असतील तरच ‘हेअर्स’. ताटात दोन केस निघाले, तर ‘टू हेअर्स’. न्हाव्याकडून केस कापून घेतले, तर ‘आय हॅड अ हेअरकट’ म्हणावे. थोडेच कमी करायचे तर ‘ट्रिम’. भांग म्हणजे ‘पार्टिंग’. पांढऱ्या केसांना मात्र ‘ग्रे’ म्हणतात. मशीनचा 1 नंबर म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, 2 नंबर म्हणजे 6. आणि ‘शिअरिंग’ मेंढ्यांचे बरे, माणसांचे नव्हे!

ही वाक्ये मुलांकडून घरीच चार वेळा म्हणवून घ्या. चुकली तर हसू नका. एका शब्दापायी कष्टाळू पोराने परक्या गावी मान खाली घालावी, हे बरे नव्हे.