जुन्या मोटारीच्या जागी
नोंदणीची १५ वर्षांची मुदत सरत आलेली मोटार काढून छोटी गाडी घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाने केवळ किंमत व मायलेज यांवर भिस्त ठेवू नये. अशा छोट्या गाड्यांपैकी वॅगन आरचे छत उंच, आसन असे की गुडघे दुखणारी वृद्ध माता फारशी न वाकता आत बसते, आणि मागे ३४१ लिटर सामानाची जागा, ही सोय मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत प्रौढांच्या संरक्षणाबाबत तिच्याच वर्गातील टियागो या गाडीला २०२० साली चार तारे, तर वॅगन आरला २०२३ मध्ये एकच मिळाला, ही तफावत, मधल्या काळात कसोटी कडक झाली हे मान्य करूनही, मुलाबाळांसह घाट उतरणाऱ्याने दृष्टिआड करणे मला सर्वथा अनुचित वाटते. पसंतीच्या आवृत्तीत एअरबॅगा किती, हे विक्रेत्याकडून दरपत्रकावर लेखी घ्यावे.