'अनलिमिटेड' म्हणजे नेमके किती?



गेल्या महिन्याच्या बावीस तारखेला भाचीचा फोन आला. ती डब्लिनमध्ये एम.एस्सी. करते. चौघी मुली एका घरात भाड्याने राहतात. भाडे भरभक्कम, पण ब्रॉडबँडची लाइन टाकायला घरमालकाची परवानगी नाही, त्यामुळे सगळे काम मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. "मामा, नेट एकदम रेंगाळतंय. मी 'वाजवी वापर' ओलांडला असा कंपनीचा एसएमएस आलाय." मी पहिला प्रश्न विचारला, रील्स किती बघतेस? त्याची आता लाज वाटते. वापराची यादी उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त डेटा रेकॉर्ड केलेल्या लेक्चर्सचा आणि कराडला आईबाबांना केलेल्या व्हिडिओ कॉलचा निघाला. तिलाही राग नव्हता, संकोच होता. अटी नीट वाचल्या नाहीत, म्हणजे चूक आपलीच, असे तिला वाटत होते.

प्लॅनचे नाव 'अनलिमिटेड'. मर्यादा तळटीपेत. हा काही एकाच कंपनीचा शोध नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये 'गोमो' आले तेव्हा ९.९९ युरोत अमर्याद डेटा अशी जाहिरात होती आणि वाजवी वापर म्हणजे ८० जीबी. अमेरिकेत एटी अँड टीने 'अनलिमिटेड' ग्राहकांचा वेग कमी केल्याबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तो मिटला. आपल्याकडची मंडळी 'रोजचे दीड जीबी' म्हणून रिचार्ज करतात तेव्हा हसू नका. तिथे मर्यादा निदान प्लॅनच्या नावातच असते.

कंपन्या म्हणतात, स्पेक्ट्रम मर्यादित आहे. ते खरेच आहे. एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्यांना वाटून घ्यावी लागते. पण गर्दी होते संध्याकाळी. पहाटे तीनला टॉवर रिकामाच असतो. महिन्याचा हिशेब मात्र पहाटेचा जीबी आणि संध्याकाळचा जीबी सारखाच धरतो. कारण गर्दीचे असेल तर उपाय गर्दीच्या वेळेपुरता हवा. बावीस तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चोवीस तास वेग आवळणे हा गर्दीवरचा उपाय नव्हे. महागडा प्लॅन घ्यायला लावण्याचा तो मार्ग आहे, असे माझे मत.

गंमत अशी की, परदेशी गेल्यावर ग्राहकाला जास्त स्पष्टता मिळते. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा शुल्क गेले, आणि अशा प्लॅनवर कंपनीने रोमिंगला मर्यादा घातली तरी ती किमान किती हवी याचे सूत्रच नियमात आहे : व्हॅट वगळून बिल भागिले घाऊक दर, गुणिले दोन. २०२५ मध्ये तो दर जीबीमागे १.३० युरो होता. म्हणजे २० युरोच्या बिलातून २३ टक्के व्हॅट काढला की साधारण २५ जीबी. लिस्बनमध्ये किती मिळेल हे भाची कागदावर काढू शकते. डब्लिनमधले 'वाजवी' कुठल्या हिशेबाने ठरले, ते तिला कोणी सांगत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी फायबर आहे, म्हणून हा प्रश्न आपल्याला बोचत नाही. खोली वाटून घेणारे विद्यार्थी, नुकत्याच आलेल्या नर्सेस, आश्रय मागणाऱ्यांच्या निवासात राहणारी कुटुंबे यांना मोबाईल हीच लाइन. खेड्यांतही, २०१९ च्या नॅशनल ब्रॉडबँड प्लॅनचे फायबर दारापर्यंत येईपर्यंत, अनेकांनी असेच दिवस काढले.

युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानुसार डेटाची मर्यादा आणि तिचा प्रत्यक्ष परिणाम करारात स्पष्ट लिहायला हवा. माझे म्हणणे एवढेच की, तो आकडा जाहिरातीत 'अनलिमिटेड'च्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत छापा, नाहीतर तो शब्द सोडा. भाचीने आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे. तिथे दाद लागली नाही तर ती नियामक 'कॉमरेग'कडे नेऊ. पत्र तिनेच लिहिले, मी फक्त भागाकार तपासला.